फासाला निवड नसते : उपद्रवी प्राणी, शेतीचे नुकसान आणि सापळ्यांचा वाद

पुणे शहराच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी वसलेले खराडी हे गाव १९९७ साली महापालिकेत आले, आणि त्यानंतर त्याच्या रानांच्या व गायरानांच्या जागी संगणक उद्यानांच्या आणि निवासी मनोऱ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या; तरीही नदी ओलांडून मांजरीकडे गेले की ऊस लागतो, वाघोलीच्या पुढे माळ लागतात, आणि शहराला खेटून असलेल्या या पट्ट्यातून वन्य प्राणी अद्याप हद्दपार झालेले नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये नदीपलीकडील केशवनगर-मुंढवा भागात बिबट्या शिरला, त्याने काही जणांना जखमी केले आणि वनखात्याने त्याला पकडून नेले. अशा सीमावर्ती प्रदेशात एक मत वरचेवर मांडले जाते, ते असे की ससा, कोल्हा, खोकड, रानडुक्कर हे उपद्रवी प्राणी आहेत, त्यांच्यामुळे शेतकरी नाडला जातो, कायदा मात्र त्यांनाच पाठीशी घालतो, म्हणून शेतकऱ्याला आपल्या बांधावर फास आणि सापळे लावण्याची मोकळीक असावी. या मताच्या पुष्टीसाठी फासाचा स्वस्तपणा, त्याची वाडवडिलांपासून चालत आलेली परंपरा आणि पाश्चात्त्य देशांचा दाखला अशी तीन कारणे दिली जातात. या पूर्वपक्षात सत्याचा अंश आहे, तो शेतकऱ्याच्या नुकसानीचा. त्यावर काढलेला उपाय मात्र सर्वथा चुकीचा आहे.

प्रथम ‘उपद्रवी’ म्हणून एकत्र बांधलेल्या प्राण्यांची मोट सोडवणे आवश्यक आहे. युरोपातील ससा जमिनीत बिळे करून वसाहतीने राहतो आणि झपाट्याने वाढतो. टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने १८५९ साली ऑस्ट्रेलियात सोडलेल्या अवघ्या चोवीस सशांपासून त्या खंडावर जे संकट ओढवले, त्याच्या कथा वाचूनच ससा म्हणजे पिकांचा शत्रू ही समजूत आपल्याकडे पसरलेली दिसते. दख्खनच्या माळावरील ससा हा निराळ्या जातीचा प्राणी आहे. तो बीळ करत नाही, गवताच्या आडोशाला दबून राहतो, आणि हरभऱ्याचे किंवा भुईमुगाचे कोवळे शेंडे खात असला तरी त्याने एखादे शिवार उजाड केल्याचे उदाहरण सांगता येत नाही. खोकड आणि कोल्हा यांचीही अशीच सरमिसळ होते. कोल्हा अंगाने मोठा, ऊस, मका आणि कलिंगडांना तोंड लावणारा. खोकड त्याहून लहान, झुपकेदार शेपटीच्या काळ्या टोकावरून ओळखू येणारे, उघड्या माळावर बिळात राहणारे, आणि त्याच्या आहाराचा मोठा भाग उंदीर, टोळ, भुंगेरे, वाळवी आणि बोरे यांचा. उंदरांपासून धान्य वाचवू पाहणाऱ्या शेतकऱ्याने खोकडाला फास लावणे म्हणजे स्वतःच्याच राखणदाराला बांधून ठेवणे होय. खोकडावरील खरे संकट वेगळेच आहे. अबी तमीम वनक यांनी सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात केलेल्या संशोधनातून मोकाट व पाळीव कुत्र्यांच्या वावराने खोकडांच्या जगण्यावर दाब येतो हे पुढे आले आहे, आणि शहराच्या कडेला साचणाऱ्या कचऱ्यावर ही कुत्री पोसली जातात हे खराडीच्या आसपास कोणालाही दिसते.

आता फासाकडे वळावे, कारण या वादाचे मर्म त्याच्या रचनेतच आहे. फास म्हणजे सरकगाठ मारलेली दोरी किंवा तार. तिचे एक टोक खुंटीला अथवा झुडपाच्या बुंध्याला पक्के बांधतात आणि दुसऱ्या टोकाचे वर्तुळ जनावराच्या नेहमीच्या वाटेवर, बहुधा कुंपणाच्या खिंडारात, त्याच्या मानेच्या उंचीवर उघडे ठेवतात. जनावर पुढे रेटले की गाठ आवळते, सुटण्यासाठी झटापट करू लागले की अधिकच आवळते, आणि फास लावणारा त्या वेळी तेथे नसतो. बंदूक चालवणाऱ्याला समोर काय आहे ते दिसते. पिंजऱ्यात चुकून दुसरे जनावर सापडले तर ते जिवंत सोडता येते. फासाला मात्र यांपैकी काहीच साधत नाही. रानडुकराच्या मानेचा अंदाज घेऊन लावलेले वर्तुळ बिबट्याच्या कमरेत बसते, लांडग्याच्या किंवा तरसाच्या गळ्यात बसते, कधी शेजाऱ्याच्या वासराच्या पायात बसते. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर परिसरात गळ्यात तारेचा फास रुतलेल्या वाघिणी गेल्या काही वर्षांत आढळल्या आहेत. त्या वाघिणींसाठी तो फास कोणी लावला होता असे नव्हे, तो दुसऱ्याच जनावरासाठी होता, आणि हीच त्यातील भयंकर गोष्ट आहे.

त्यातही पूर्वीचा फास आणि आजचा फास यांत मोठा भेद पडला आहे. ताग-अंबाडीची दोरी आणि घोड्याच्या शेपटीचे केस यांपासून वळलेले फास पावसापाण्यात कुजत असत, आणि दांडगे जनावर त्यांना चावून वा तोडून निसटू शके. आज त्यांच्या जागी दुचाकीच्या क्लचची किंवा ब्रेकची पोलादी तार आली आहे, जी कोणत्याही गॅरेजच्या भंगारात मिळते, कुजत नाही, आणि जनावर खुंटीपासून सुटले तरी मांसात रुतत जाऊन त्याला आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मारते. ज्या जनावराला वेळीच सोडवले जाते तेही वाचतेच असे नाही. प्राण जाण्याच्या भीतीने केलेल्या आत्यंतिक धडपडीत स्नायू तुटू लागतात, त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी होतात, आणि वरून धडधाकट दिसणारे जनावर काही तासांनी किंवा दिवसांनी दगावते. पशुवैद्यकात ही पकडीच्या ताणातून उद्भवणारी अवस्था सुपरिचित आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दीच्या पाठलागानंतर पकडला गेला आणि त्यानंतर लवकरच मरण पावला, हे पुणेकरांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. फासापेक्षाही घातक प्रकार म्हणजे शेताभोवतीच्या तारेत आकडा टाकून सोडलेली वीज. उमरेड-कऱ्हांडल्याच्या जय या विख्यात वाघाचा बछडा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड भागात अशाच तारेला लागून मेला, आणि अशा तारांना चिकटून माणसेही मरतात.

तरीही प्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी पकडणे अपरिहार्य आहे, असा आग्रह धरला जातो. या आग्रहाची कसोटी पुणे जिल्ह्यातच लागलेली आहे. जुन्नर वनविभागात २००१ पासून दोन-तीन वर्षे बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम चालली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मोहिमेपूर्वी जुन्नर भागात माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी सुमारे ४ होती, ती मोहिमेच्या काळात १७ वर गेली. एखाद्या प्रदेशात स्थिरावलेले जनावर उचलले की त्याची जागा अनोळखी, अनेकदा तरुण जनावर घेते, आणि सोडलेले जनावर परक्या मुलखात भांबावते. रानडुकराच्या बाबतीत गणित वेगळे असले तरी निष्कर्ष तोच निघतो. एका विणीत अनेक पिले देणाऱ्या मादीचा कळप चार फासांनी घटत नाही, कारण त्याला आधार देणारा उभा ऊस आणि पाणी जागच्या जागी असते.

परंपरेचा दाखला देणारे बहुधा फासेपारधी समाजाचे नाव घेतात, आणि येथे दोन्ही बाजूंकडून अन्याय होतो. फासावर उपजीविका करणारा हा समाज तितर, ससा, हरीण यांच्या चालीचे सूक्ष्म ज्ञान बाळगून होता, हवी ती वाट आणि हवा तो हंगाम पाहून फास मांडत होता, फासाजवळ राहून लक्ष ठेवत होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत अशा भटक्या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवण्यात आले आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही संशय मात्र हटला नाही. बांधावर क्लचची तार लावून घरी झोपणाऱ्याने त्या समाजाच्या कसबाचा आधार घेणे गैर आहे, आणि रानात कोठेही फास सापडला की पारध्यांच्या पालाकडे बोट दाखवणे त्याहून गैर आहे. ते ज्ञान राखण्याचा मार्ग मध्य प्रदेशातील पन्ना येथे दिसतो, जेथे पारधी तरुण पर्यटकांना रानातील मागांचे वाचन करून दाखवतात.

राहिला पाश्चात्त्यांचा दाखला. इंग्लंड आणि वेल्समध्ये दातेरी जबड्याचा पोलादी सापळा १९५८ पासून बंद आहे. वेल्सने २०२३ साली फास आणि चिकट सापळे यांवर पूर्ण बंदी घातली, आणि स्कॉटलंडने २०२४ च्या कायद्याने तोच मार्ग धरला. ज्या भूमीत कोल्ह्या-सशांना फास लावणे हा शेतीचा नित्यक्रम मानला जाई, तेथेच तो आता त्याज्य ठरू लागला आहे. तेव्हा त्यांनी टाकून दिलेली प्रथा आपण प्रगतीच्या नावाने उचलण्याचे कारण नाही. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येतच ठार मारण्याबरोबर पकडणे, फास लावणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे यांचा समावेश आहे, म्हणजे जनावर सापडले नाही तरी लावलेला फास हाच गुन्हा ठरतो.

याच ठिकाणी दुसऱ्या टोकाच्या मताचेही खंडन करणे भाग आहे. उंच इमारतीत राहून प्राणिप्रेम बाळगणाऱ्या वर्गाला शेतकऱ्याचे नुकसान अतिशयोक्त वाटते; प्रत्यक्षात रानडुकरांचा कळप एका रात्रीत मका किंवा भुईमुगाचे रान उलथून टाकतो, आणि ज्याचे वर्षाचे उत्पन्न त्या तुकड्यावर आहे त्याला सहजीवनाचा उपदेश करणे निर्दयपणाचे आहे. केंद्राने २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात लालतोंडी माकड यांना ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित केले, तेव्हा तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि मंत्रिमंडळातीलच मेनका गांधी यांच्यात जाहीर वाद झाला. त्या वादात शेतकऱ्याचा आणि प्राण्याचा कैवार घेणारे समोरासमोर उभे राहिले, पण मारण्याची पद्धत कोणती, ती कोणाच्या हाती, त्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न बाजूला पडला. महाराष्ट्रात २०१५ मध्येच रानडुक्कर व नीलगाय यांच्या उपद्रवाबाबत वनाधिकाऱ्याच्या परवान्याने ते प्राणी मारण्याची कार्यपद्धती ठरवली गेली. परवाना हा विशिष्ट जातीसाठी, विशिष्ट जागी आणि विशिष्ट व्यक्तीला असतो; फासाला या तिन्ही मर्यादा पाळताच येत नाहीत, म्हणूनच परवान्याचे समर्थन करणाऱ्यानेही फासाला विरोध केला पाहिजे.

खराडीच्या सदनिकांत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. घुशी आणि उंदीर हे खरोखर उपद्रवी आहेत. १८९६-९७ च्या प्लेगने पुण्याला जे भोगायला लावले त्यानंतर उंदीर पकडण्यास आक्षेप घेणारा कोणी निघू नये. घरातील लाकडी किंवा लोखंडी पिंजरा आणि एका फटक्यात मारणारा चाप ही समर्थनीय साधने आहेत. किराणा दुकानांतून मिळणारी गोंदाची चिकट पाटी मात्र समर्थनीय नाही, कारण तिच्यावर उंदीर भुकेने आणि दमून तासन्‌तास मरत राहतो, आणि तिच्यावर पाल, चिमणी, खारीचे पिलूही चिकटते. फासाचा आंधळेपणा तिच्यात जसाच्या तसा आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने या पाट्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिल्या आहेत, तरी त्यांची विक्री चालू आहे. शिवाय उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, त्यामुळे गटाराची फुटकी झाकणे, बांधकामाचा राडारोडा आणि उपाहारगृहांचे उघडे खरकटे तसेच ठेवून कितीही उंदीर पकडले तरी रिकामी जागा लगेच भरून निघते.

शेतासाठी उपाय ठाऊक आहेत आणि ते फासाइतके स्वस्त नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सौर विजेवर चालणारी, क्षणिक आणि जीवघेणा नसलेला धक्का देणारी कुंपणे, ज्यांना शेतकरी ‘झटका मशीन’ म्हणतात, ती अनेक शेतकऱ्यांनी मिळून संपूर्ण शिवाराभोवती लावली तरच उपयोगी पडतात. एकट्याने लावल्यास कळप शेजारच्या रानात शिरतो. राखणीची जुनी पद्धत मजुरांअभावी मोडली आहे, तिला सार्वजनिक पैशाने उभे करता येईल. नुकसानभरपाईची शासकीय योजना रानडुक्कर, हरीण, रोही (नीलगाय), माकड, गवा अशा प्राण्यांसाठी आहे, पण पंचनामा आणि रक्कम यांत हंगाम निघून गेला तर शेतकरी पुन्हा तारेकडेच वळेल. दुसरीकडे इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामतीजवळचे शिर्सुफळ येथे वनखात्याने सुरू केलेल्या गवताळ माळांच्या सफारीत पर्यटक पैसे देऊन खोकड, लांडगा आणि चिंकारा पाहतात, आणि त्यातून स्थानिकांना उत्पन्न मिळते. सरकारी नोंदीत पडीक म्हणून लिहिलेल्या जमिनीची ही खरी किंमत आहे.

वाघोली आणि मांजरी बुद्रुक ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली, त्यामुळे तेथील उरलेल्या शेतांचा प्रश्न कृषी विभाग, वनविभाग आणि महापालिका यांच्या मध्ये लोंबकळत राहण्याचा धोका आहे. या तिघांनी मिळून या पट्ट्यात पंचनाम्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा, पुढील पेरणीपूर्वी भरपाई हाती पडेल अशी मुदत स्वतःवर घालून घ्यावी, सामूहिक कुंपणाचा खर्च उचलावा, आणि ऊसतोडणीनंतर बांध तपासून तारा काढणारी पथके ठेवावीत, ज्यांत फासांची जाण असलेल्या पारधी तरुणांना पगारी काम मिळेल.