बंदुकीची लाथ आणि माणसाचा खांदा

आपल्या पाटोदा तालुक्यात बंदूक ही काही घरोघरी असणारी वस्तू नव्हे. पण ती अगदीच अनोळखीही नाही. बँकेच्या दारात बारा बोअर मांडीवर घेऊन बसलेला रखवालदार आपण नेहमी पाहतो. पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली उद्या प्रशिक्षण केंद्रात रायफल हाती घेणार आहेत. कॉलेजातले एनसीसीचे छात्र दरवर्षी शिबिरात नेमबाजी करून येतात. आणि एखाद्या जुन्या घरात आजोबांच्या शिकारीच्या काळातली परवान्याची रायफल अजून कपाटात असते. शिकारीचा काळ तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपला. बंदूक मात्र वारसाहक्काने मागे राहिली.

अशाच एका घरातील गृहस्थांनी मला मध्यंतरी विचारले, “डॉक्टरसाहेब, वडिलांची थ्री-वन-फाइव्ह रायफल आहे. एक बार काढला तरी दोन दिवस हात वर होत नाही. तिला लहान बोअरची नळी बसवून घेतली तर खांद्याला बरे पडेल का?” प्रश्न दिसायला बंदुकीचा आहे, पण दुखणे खांद्याचे आहे. म्हणून तो या सदरात घेण्यात काही वावगे नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. शरीराला न झेपणारा धक्का सोसत राहण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. लहान बोअरकडे वळण्याचा विचार शंभर टक्के योग्य आहे. मात्र बोअर बदलायचा तो रीतसर. गावठी कारागिराच्या भट्टीवर नव्हे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवायची की, बोअर लहान केल्याने खांदा वाचतो, कान आपोआप वाचत नाहीत.

धक्का येतो कुठून?

गोळी पुढे जाते तशी बंदूक मागे येते, हा शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम. गोळी जितकी जड आणि वेगवान, दारू जितकी जास्त, तितकी बंदुकीची लाथ मोठी. बंदूक जड असेल तर लाथ कमी. थ्री-नॉट-थ्री म्हणजे ०.३०३ इंच व्यासाची, सुमारे ७.७ मिलिमीटरची रायफल. पॉइंट टू-टू म्हणजे ०.२२ इंच, अर्थात ५.६ मिलिमीटर. बारा बोअरचा हिशेब निराळा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातील एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोअर; सुमारे साडेअठरा मिलिमीटर.

गोळीचे वजन, वेग आणि बंदुकीचे वजन धरून ढोबळ गणित केले तर थ्री-नॉट-थ्रीचा धक्का साधारण १६ ज्यूल येतो. म्हणजे एक किलोचे माप दीड-पावणेदोन मीटर उंचीवरून खांद्यावर पडावे तसा. थ्री-वन-फाइव्हची गोळी त्याहून जड, म्हणून धक्काही थोडा अधिक. बारा बोअरच्या भरगच्च काडतुसाचा धक्का ३५ ज्यूलच्या घरात जातो. तेच माप एकमजली घराच्या गच्चीवरून पडल्यासारखा. आणि पॉइंट टू-टूचा? तेच माप बोटाच्या जाडीइतक्या उंचीवरून सोडले तर जेवढे जाणवेल तेवढाच. थ्री-नॉट-थ्री आणि टू-टू यांच्यात शंभरपटींहून अधिक फरक आहे.

दस्ता नीट बसला असेल तर निरोगी तरुण माणूस हा धक्का सहज पेलतो. दस्त्याची जागा गळपट्टीच्या हाडाखाली आणि खांद्याच्या सांध्याच्या आत, छातीच्या स्नायूंच्या खळग्यात आहे. तो गळपट्टीच्या हाडावर किंवा दंडाच्या टोकावर टेकवला, किंवा खांद्यापासून बोटभर दूर राहिला, की दुखापत ठरलेली. काळेनिळे होणे, सांध्याला सूज, हाताला मुंग्या, क्वचित हाडाला तडा. ज्यांना मधुमेहामुळे खांदा आखडण्याचा त्रास आहे, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, ज्यांच्या छातीत त्या बाजूला पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी मोठ्या बोअरची बंदूक खांद्याला लावूच नये. पन्नाशीनंतर खांद्याचे स्नायुबंध तसेही झिजलेले असतात.

एकाच रायफलीची तीन रूपे

बोअर बदलणे ही काही नवी कल्पना नाही. आपल्याकडील ली-एनफिल्ड रायफल, म्हणजेच थ्री-नॉट-थ्री, बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला. या एकाच रायफलीला तीन वेगळे बोअर मिळाले. इंग्रजांच्या काळात तिची नळी कोरून ती .४१० बोअरची मस्केट करण्यात आली आणि पहारेकरी व पोलिसांच्या हाती दिली गेली. ती कोणी पळवली तर त्यात लष्कराचे काडतूस चालू नये हा हेतू. लष्करी बोअर नागरिकांना मिळू नये म्हणून तिच्याच धर्तीवर थ्री-वन-फाइव्हची शिकारी रायफल निघाली. ही दोन्ही रूपे सरकारच्या सोयीची होती.

तिसरे रूप मात्र शिकणाऱ्याच्या सोयीचे. नवशिक्यांसाठी याच रायफलीची पॉइंट टू-टू आवृत्ती तयार झाली. काही जुन्या रायफलींच्या नळीतच बावीसची आतली नळी बसवण्यात आली. रायफल तीच, वजन जवळपास तेच, खांद्याला लावण्याची आणि चाप ओढण्याची पद्धत तीच. फक्त लाथ नाहीशी झाली आणि काडतूस स्वस्त झाले. ज्या लष्कराला कणखर जवान घडवायचे होते, त्यानेच नवशिक्याच्या हाती आधी सौम्य रायफल दिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. एनसीसीत आजही छात्र पॉइंट टू-टूवरच नेमबाजी शिकतात.

याचे कारण केवळ खांदा नव्हे, मेंदूही आहे. दोन-चार वेळा जोराची लाथ बसली की शरीर पुढच्या वेळी आधीच सावध होते. चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतात, खांदा आखडतो, हात झटका देतो. हे भित्रेपणाचे लक्षण नाही. गरम तव्याला एकदा चटका बसला की हात आपोआप मागे येतो, तसाच हा प्रकार. पण यामुळे नेम जातो तो जातोच, आणि एकदा लागलेली ही सवय मोडायला फार दिवस लागतात. सुरुवात सौम्य बंदुकीवर झाली तर ती लागतच नाही.

“बारीक बोअरची बंदूक म्हणजे पोरांचा खेळ” असे कोणी म्हणत असेल तर त्याने कोल्हापूरकडे पाहावे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, ते पॉइंट टू-टूवर. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, त्याही याच बोअरवर. मुंबईच्या अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली ती तर हवेच्या रायफलीवर. त्यांची सुरुवात एनसीसीतून झालेली. स्पर्धेची टू-टू रायफल आठ किलोपर्यंत जड असू शकते. सौम्य काडतूस आणि जड रायफल, म्हणजे धक्का जवळजवळ शून्य. जगातले अव्वल नेमबाज धक्का सोसत बसत नाहीत, तो आधीच कमी करून घेतात.

नळी बदलायची कोणी?

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे, तिच्यात बदल करणे, एवढेच नव्हे तर ती दुरुस्त करण्याचा धंदा करणे हाही गुन्हा आहे. आपल्या परवान्यावर शस्त्राचा प्रकार आणि बोअर नोंदलेला असतो. नळी बदलली की कागदावरचे शस्त्र एक आणि कपाटातले दुसरे, अशी गत होते. सरळ मार्ग असा की, जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी घेऊन जुनी रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावी आणि त्याऐवजी टू-टू घ्यावी. आणि गरजच उरली नसेल तर शस्त्र रीतसर जमा करून मोकळे व्हावे. पिकात शिरणाऱ्या रानडुकरांचा त्रास मला ठाऊक आहे, पण त्यावर वनखात्याकडे अर्ज हाच रस्ता आहे. परवानगीवाचून रानात बार काढणे कायद्यातही बसत नाही. आणि नायगावचे मयूर अभयारण्य आपल्याच तालुक्यात आहे हेही विसरू नये.

कायदा क्षणभर बाजूला ठेवा. डॉक्टर म्हणून मला भीती वेगळीच आहे. मोटारीच्या चाकात हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन किलो असतो. थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस पेटते तेव्हा नळीच्या मुळाशी तो तीन हजार किलोंच्या वर जातो. आणि ही नळी असते आपल्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर. लेथवर कातलेली एखादी नळी हा दाब एकदा सोसेल, दोनदा सोसेल, तिसऱ्यांदा फाटेल. मग गेलेली बोटे आणि गेलेला डोळा कोणताही सर्जन परत आणून देऊ शकत नाही. खांद्याची सूज चार दिवसांत उतरते. हे नुकसान जन्माचे असते.

कानाचे काय?

सगळ्यांचे लक्ष खांद्याकडे असते, कारण खांदा बोंब मारतो. कान मुकाट्याने मरतो. आतल्या कानात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. १४० डेसिबलच्या पुढचा एकच स्फोट त्यांना इजा करू शकतो, आणि मोठ्या रायफलीचा किंवा बारा बोअरचा बार १५० च्या पुढे जातो. टू-टूचा आवाज बराच कमी, तरी तोही या मर्यादेच्या आसपासच घुटमळतो. उजव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. वर्षानुवर्षे बंदूक चालवलेल्या माणसाला तपासताना “डाव्या कानाने कमी येते का?” हा प्रश्न मी आवर्जून विचारतो. तारसप्तकातले आवाज आधी हरवतात. माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द नीट कळत नाहीत. घरचे म्हणतात, “हे लक्षच देत नाहीत.”

कापसाचा बोळा या आवाजापुढे काहीच कामाचा नाही. कानात बसणारे फोमचे किंवा रबराचे बूच आणि त्यावर हेडफोनसारखे कर्णरक्षक, दोन्ही हवेत. बारानंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा कान दडा बसल्यासारखे झाले आणि दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले, तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तर उपयोगाची आशा असते. महिन्याने आलेल्या रोग्याला द्यायला आमच्या हाती फारसे काही उरत नाही.

एवढे पाळा

खांद्याला मार बसला तर पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. तेल लावून रगडणे, गरम विटेने शेकणे हे पहिल्या दोन दिवसांत नको. त्याने सूज वाढते. हाताला मुंग्या येत असतील, हात वर जात नसेल किंवा काळानिळा डाग पसरत असेल तर घरगुती उपाय पुरे करून डॉक्टरांकडे यावे. दस्त्याला चांगल्या रबराची गादी लावावी. दस्ता आपल्या हाताच्या लांबीला जुळतो का ते पाहावे. बहुतेक दस्ते प्रौढ पुरुषाच्या मापाचे असतात, म्हणून मुलींना आणि किशोरांना ते लांब पडतात आणि दुखापत त्यांनाच अधिक होते. नेमबाजी झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. गोळीतले शिसे बोटांवाटे पोटात जाते आणि ते वाढत्या वयात फार वाईट.

शेवटी दोन विनंत्या. बँकांच्या व्यवस्थापकांनी आपल्या रखवालदाराला सरावाला पाठवताना दस्त्याची गादी आणि कर्णरक्षक द्यावेत, आणि वर्षातून एकदा त्याचा कान तपासून घ्यावा. हा खर्च किरकोळ आहे. आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांनी “खांदा सुजल्याशिवाय मर्द होत नाही” ही भाषा सोडावी. सुजलेल्या खांद्याने आजवर कोणाचा नेम सुधारलेला नाही. बंदूक माणसाच्या मापाने बेतावी; माणूस बंदुकीच्या मापाने ठोकून काढू नये.