पाच बोटांचे बूट घ्यावेत का?

फजरची नमाज आटोपून बाहेर पडलं, की बीड, आष्टी, गेवराईच्या रस्त्यांवर भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. थोड्या सेकंदांनी गुण जातात, आणि गुणांबरोबर कधी कधी अख्खं वर्ष जातं. म्हणून पायात काय घालायचं, हा प्रश्न आपल्या घरांत चैनीचा नाही. अलीकडे मुलांच्या मोबाइलवर एक वेगळाच बूट दिसतो. हातमोज्यासारखा, प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा आणि तळ अगदी पातळ. "अब्बा, हा घेऊ का?" असं मुलानं विचारलं तर काय सांगायचं, ते या वेळी पाहू.

हा बूट इटलीच्या व्हायब्रम कंपनीने साधारण वीस वर्षांपूर्वी बाजारात आणला. त्यामागचा विचार साधा आहे. एका पायात २६ हाडं असतात. बोटं मोकळी राहिली, टाच उंचावलेली नसली आणि खाली जाड फोम नसला, तर पाय निसर्गाने दिलेलं काम स्वतः करतो. २०१० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं, की लहानपणापासून अनवाणी पळणारे लोक बहुधा पायाच्या पुढच्या भागावर उतरतात, आणि त्यामुळे टाचेवर आपटणारा पहिला झटका टळतो. जाड बुटात पळणारे बहुतेक जण टाचेवर उतरतात.

इथपर्यंत ठीक. पण यावरून 'बूट बदला, दुखापत टळेल' असा निष्कर्ष निघत नाही. टाचेवरचा भार कमी झाला की तो नाहीसा होत नाही, पोटरीवर, टाचेमागच्या शिरेवर आणि पंजाच्या बारीक हाडांवर जातो. २०१३ मध्ये अमेरिकेत नेहमीच्या धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू या बुटांची सवय लावून पाहिली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पायाच्या हाडांत सूज आढळली. बुटाच्या फायद्यांच्या जाहिरातीवरून कंपनीवर तिथे खटलाही झाला. आरोप मान्य न करता कंपनीने २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलर देऊन तो मिटवला.

इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी १९६० मध्ये रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली, आणि १९६४ मध्ये टोकियोची बूट घालून. दोन्ही वेळा सुवर्णपदकच. यातून काय घ्यायचं ते उघड आहे.

आपल्या जिल्ह्याचं उदाहरण तर घरचंच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत कधी चालत, कधी पळत जायचे. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, सियाचिनला राहिले, आणि धावण्याच्या स्पर्धांकडे त्यानंतर वळले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी असते, तिथे खिळ्यांचे बूटच लागतात. म्हणजे जमीन आणि काम पाहून बूट ठरतो. पायाची ताकद मात्र वर्षानुवर्षांच्या चालण्या-पळण्यातून येते, ती खोक्यातून मिळत नाही.

आपल्याकडची जमीनही लक्षात घ्या. बालाघाटाच्या माळावर बाभळीचे काटे आणि सराटे पातळ तळातून आत येऊ शकतात. उन्हाळ्यात दुपारचं डांबर तळव्याला पोळतं. असा बूट वापरायचाच असेल, तर पहाटेचं साफ मैदान किंवा मऊ मातीचा रस्ता बरा.

घ्यायचं ठरलंच, तर दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. उभं राहून मापून पाहा. प्रत्येक बोट आपल्या कप्प्यात टोकापर्यंत न दाबता बसलं पाहिजे. ज्यांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे किंवा करंगळी वळलेली आहे, त्यांना हा बूट बहुधा नीट बसत नाही. अशांनी पुढून रुंद, सपाट आणि हलका साधा बूट घ्यावा. बराचसा फायदा त्यातही मिळतो, आणि मोजेही वेगळे लागत नाहीत.

सुरुवात पळण्याने नको. पहिले दोन-तीन आठवडे रोज थोडा वेळ नुसतं चाला. मग आठवड्यातून एक-दोनदा काही मिनिटं हळू पळा, बाकीचं पळणं जुन्याच बुटात. पोटरी भरून येणं चालतं. पण पंजाच्या वरच्या बाजूला एका जागी बोट ठेवलं की दुखत असेल, तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. आणि भरती दोन-तीन महिन्यांवर आली असेल, तर बुटाचा प्रकार बदलूच नका.

घरातल्या अम्मी-अब्बांना मधुमेह असेल, पायांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर त्यांच्यासाठी हा बूट नाही. अनवाणी फिरणंही नाही. काटा रुतलेला कळत नाही, आणि जखम चिघळते. त्यांना चालायला जाताना चप्पलऐवजी मऊ, बंद आणि पुढून रुंद बूट द्या. वजू करताना पाय धुतले जातात, बोटांमध्ये खिलाल होतो. तेव्हाच तळवा आणि बोटांच्या बेचक्या पाहून घ्याव्यात, आणि नंतर त्या पुसून कोरड्या कराव्यात. ज्यांना वाकता येत नाही त्यांचे पाय दिवसातून एकदा सुनेनं, मुलानं किंवा नातवानं पाहावेत. याला एक रुपयाही लागत नाही.