पाण्याखालचा कॅमेरा : पैसे कशावर घालाल?

उन्हाळ्यात मँचेस्टरहून कार्नफर्थजवळच्या केपर्नरे खाणतळ्यात किंवा डिसेंबरात मालवणला डायव्हिंगला जाताना डीएसएलआर न्यायचा विचार आहे? मग माझं मत ऐका: नवी बॉडी घेऊ नका. आहे त्याच कॅमेऱ्याचं हाउसिंग शोधा. ते सहसा एकाच मॉडेलसाठी बनतं. बॉडी बदलली की तेही बदलावं लागतं. वाचलेले पैसे तीन गोष्टींवर घाला.

पहिली, पोर्ट. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे सपाट काचेतून वस्तू पाव अंतराने जवळ भासते आणि दृश्यक्षेत्र आकसतं. मॅक्रोला हे चालतं. वाइड-अँगलला मात्र घुमटाकार डोम पोर्टच हवा.

दुसरी, प्रकाश. पाणी लाल रंग आधी शोषतं. थोडं खाली गेलात की सगळं निळं-हिरवं. स्ट्रोब घ्या, पण लांब दांड्यांवर, लेन्सपासून दूर लावा. नाहीतर गढूळ पाण्यातले कण फोटोत बर्फासारखे चमकतात.

तिसरी, हवा उपसण्याचा पंप आणि गळतीसूचक. २० मीटरवर एकूण दाब ३ वातावरणांइतका असतो. ओ-रिंगवर अडकलेला एक केसही कॅमेरा बुडवू शकतो. पंपाने आतला दाब कमी करून अर्धा तास थांबा. तो वाढू लागला, तर गळती काठावरच कळते.

आणि पहिली डुबकी रिकाम्या हाउसिंगची. कॅमेरा दुसऱ्या फेरीला न्या.