शब्दांच्या गमती : हायपो की हायपर?



मागे एका मेंदीला गेलो होतो. जेवायला उशीर झाला. आमच्या ओळखीच्या एक मावशी जेवणाआधीचं इन्सुलिन घरीच टोचून आल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं. भाचा म्हणाला, "मावशीला हायपर झालंय, गोड काही देऊ नका!" नशीब, कोणाच्या तरी पर्समध्ये शुगर बघायचं मशीन होतं. आकडा आला ५२. म्हणजे हायपर नव्हे, हायपो!

दोन्ही शब्द मूळचे ग्रीक. हायपर म्हणजे वर, जास्त. हायपो म्हणजे खाली, कमी. साखर ७० च्या खाली गेली की हायपो. तेव्हा गोड नाही द्यायचं तर कधी द्यायचं? अर्धा ग्लास ज्यूस किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ १०१ फिरवा. साखर वाढते तेव्हा बहुधा तहान फार लागते, लघवीला सारखं जावं लागतं. पण लक्षणांवर भरवसा ठेवण्यापेक्षा मशीन बरं. मशीन नसेल आणि वर सांगितल्यासारखा घाम, थरथर असेल, तर कमी झाली असं समजूनच गोड द्यावं.

दुसरा घोटाळा हायपरटेन्शनचा. आमचे एक काका म्हणायचे, "मुलं मार्गी लागली, पेन्शन चालू आहे, मला कसलं टेन्शन?" आणि गोळ्या बंद! अहो, इथलं टेन्शन म्हणजे काळजी नव्हे, रक्ताचा दाब. शांत माणसाचाही तो वाढतो, आणि बहुतेक वेळा कळतही नाही.

आणि "मला थायरॉईड आहे" म्हणणाऱ्यांना काय सांगावं? थायरॉईड सगळ्यांच्याच गळ्यात आहे! ती ग्रंथी कमी काम करते की जास्त, ते सांगा. औषधं अगदी उलटी असतात.

इथे डॉक्टरांचं पत्र हिब्रूत, पण आजाराचं नाव बरेचदा इंग्रजीत. नातवंडांकडून वाचून घ्या आणि त्या नावाशेजारी आपल्या मराठीत 'कमी' की 'जास्त' ते पेनाने लिहून ठेवा.

मावशी त्या रात्री व्यवस्थित जेवल्या. भाच्याशी मात्र आठवडाभर बोलल्या नाहीत.

पुढच्या अंकात : अक्यूट आणि क्रॉनिक.