नव्वद दिवसांची मुदत

बांधापलीकडे खाण किंवा कारखाना येतोय असे कळले की माणसे आधी तलाठ्याकडे जातात, मग सरपंचाकडे, मग आमदाराकडे. निवेदने दिली जातात, मोर्चा निघतो. यात तीन महिने सहज सरतात आणि कायद्याने दिलेली मुदतही जास्तीत जास्त तेवढीच असते.

राष्ट्रीय हरित लवाद कायदा, 2010 च्या कलम 16 नुसार पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील 30 दिवसांत करायचे असते. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळतात. त्यापुढचा उशीर माफ करण्याचा अधिकार लवादालाही नाही. ही मुदत तुम्हाला कळले तेव्हापासून मोजत नाहीत. मंत्रालयाने, प्रकल्पचालकाने किंवा स्थानिक संस्थेने मंजुरी रीतसर प्रसिद्ध केली, त्यातली सर्वांत आधीची तारीख धरतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची जाहिरात कोण वाचतो? भरपाईचा अर्ज पुढे पाच वर्षांपर्यंत करता येतो, पण त्याने मंजुरी रद्द होत नाही आणि गेलेली विहीर परत येत नाही.

वेळेत लढून काय हाती लागते, तेही गोव्यातील मोपा विमानतळाच्या उदाहरणात पाहावे. त्या विमानतळाला 2015 मध्ये मंजुरी मिळाली. अर्जात आसपासच्या जंगलांची आणि संवेदनशील क्षेत्रांची पुरेशी माहिती दिली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये ती स्थगित केली. पुढच्या जानेवारीत जादा अटींसह स्थगिती उठली आणि 2022 च्या अखेरीस विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या अटी मोलाच्या आहेतच, पण प्रकल्प जिथे होता तिथेच राहिला.

म्हणून खरी लढाई मंजुरीआधीची, जनसुनावणीतली. प्रकल्पाच्या पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालात आपली विहीर, ओढा, देवराई आहे का, हे तेव्हाच तपासावे आणि हरकत लेखी देऊन पोच घ्यावी. बहुतेक मोठ्या इमारत प्रकल्पांच्या शेजाऱ्यांना तर तीही संधी नाही. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेने त्यांना जनसुनावणीतून वगळले आहे.

सातबाऱ्यावर साधा फेरफार घालायचा तरी हितसंबंधितांना नोटीस जाते. पर्यावरण मंजुरीत मात्र लगतच्या खातेदाराला स्वतंत्र नोटीस देण्याची तरतूदच नाही. ती व्हायला हवी, आणि अपिलाची मुदत ती नोटीस हाती पडल्यापासून मोजली जायला हवी.