जीडीपी ८.२ टक्क्यांनी वाढला, मग खिशाला का जाणवत नाही?

जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत भारताचा जीडीपी ८.२ टक्क्यांनी वाढला, असं सरकारने २८ नोव्हेंबरला जाहीर केलं. असे आकडे आले की व्हॉट्सॲपवर दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एक, 'भारत सुसाट'. दुसरा, 'सगळे आकडे बनावट'. दोन्ही मेसेज पाठवणाऱ्यांनी सहसा त्याच पत्रकातला दुसरा आकडा पाहिलेला नसतो. तो होता ८.७ टक्के.

हे दोन आकडे कसले?

देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांचं एकूण मूल्य म्हणजे जीडीपी. त्यात एकच गोष्ट दोनदा मोजली जाऊ नये म्हणून प्रत्येक टप्प्यावर वाढलेलं मूल्य तेवढं धरतात. गिरणीने गव्हाचा मैदा केला, बेकरीने मैद्याचा पाव केला, तर बेकरीच्या खात्यात पावाची किंमत वजा मैद्याची किंमत एवढंच येतं. (घरी आईने केलेली पोळी यात कुठेच नाही. पोळीभाजी केंद्रातली मात्र आहे.)

चालू बाजारभावाने मोजलं की 'नॉमिनल' वाढ मिळते. ती ८.७ टक्के होती. पण पावाचे भाव वाढले म्हणून पाव जास्त तयार झाले असं होत नाही. म्हणून भाववाढ वजा करतात आणि उरते ती 'खरी' वाढ, ८.२ टक्के. म्हणजे या हिशेबात देशातली भाववाढ फक्त अर्धा टक्का धरली गेली. त्याच तिमाहीत किरकोळ महागाईचा दर दीड ते दोन टक्क्यांच्या आसपास होता. मग अर्धा टक्का कुठून आला?

ग्यानबाची मेख इथे आहे. आपल्याकडे भाववाढ काढताना बऱ्याच क्षेत्रांत घाऊक किंमत निर्देशांक वापरला जायचा, आणि तो त्या काळात शून्याजवळ रेंगाळत होता. शिवाय त्यात सेवांचे भाव येतच नाहीत. शाळेची फी नाही, दवाखान्याचं बिल नाही.

दुसरी अडचण बेकरीच्याच उदाहरणाने पाहू. गेल्या वर्षी तिने १०० रुपयांचा पाव विकला, ६० रुपयांचा मैदा लागला. मूल्यवर्धन ४०. यंदा पाव तेवढेच आणि भावही तोच, पण मैदा स्वस्त होऊन ५४ ला मिळाला. मूल्यवर्धन ४६. एकही पाव जास्त भाजला गेला नाही, म्हणजे खरी वाढ शून्य. ती शून्य दिसण्यासाठी पाव आणि मैदा यांच्या किमती वेगवेगळ्या निर्देशांकांनी दुरुस्त कराव्या लागतात. पण ४६ या आकड्यालाच पावाचा एकच निर्देशांक लावला, तर वाढ दिसते १५ टक्के! कच्चा माल महागला की उलटं होतं आणि वाढ कमी दिसते. म्हणजे ही पद्धत कोणाच्या बाजूने पक्षपाती नाही, ती ढोबळ आहे.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय लेखा आकडेवारीला 'सी' श्रेणी दिली, तेव्हा नेमकी हीच कारणं सांगितली होती. त्यांच्या यादीत २०११-१२ हे जुनं आधारभूत वर्षही होतं. 'सी' म्हणजे आकडे खोटे, असा अर्थ सोशल मीडियावर लावला गेला. तो चुकीचा आहे. त्रुटी आहेत आणि त्यामुळे विश्लेषणात काहीशी अडचण येते, एवढाच त्याचा अर्थ.

असंघटित क्षेत्राचा प्रश्न मला यापेक्षा गंभीर वाटतो. नाक्यावरचा किराणावाला दर तिमाहीला ताळेबंद भरत नाही. त्यामुळे त्याच्या धंद्याचा अंदाज जुन्या सर्वेक्षणावरून आणि इतर निर्देशांकांवरून बांधला जायचा. त्यात बऱ्याचदा संघटित क्षेत्राचाच आधार असायचा. दोघे सारख्या वेगाने चालत असतील तर हरकत नाही. पण नोटाबंदीनंतर किंवा जीएसटी लागू झाल्यावर छोट्यांचं गिऱ्हाईक मोठ्यांकडे गेलं असेल, तर मोठ्यांची वाढ छोट्यांच्याही नावावर जमा होते. ज्याचं दुकान बसलं, तो कागदावर वाढलेला दिसतो.

आता खिशाबद्दल. तुमचा पगार, दुकानाचा गल्ला, सरकारचा कर, सगळं चालू रुपयांत असतं, म्हणजे नॉमिनल वाढीशी जोडलेलं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात नॉमिनल वाढ १०.१ टक्के गृहीत धरली होती. जानेवारी २०२६ च्या पहिल्या आगाऊ अंदाजात ती ८ टक्क्यांवर आली, खरी वाढ मात्र ७.४ टक्के. मथळ्यात ७.४ छान दिसतं, पण तिजोरीत येणारा पैसा ८ च्या हिशेबाने येतो, १०.१ च्या नाही. वित्तीय तूटही नॉमिनल जीडीपीच्या टक्केवारीत मोजतात. त्यामुळे तोच खर्च केला तरी गणित ताणलं जातं.

यातल्या काही गोष्टी सुधारण्याचं सांख्यिकी मंत्रालयाने ठरवलं. आधारभूत वर्ष २०२२-२३ करायचं, असंघटित उद्योगांच्या वार्षिक सर्वेक्षणाचे आकडे वापरायचे आणि कारखानदारीत पाव-मैद्याचा हिशेब वेगवेगळा लावायचा, असं ठरलं. अशा बदलामुळे मागच्या वर्षांचे आकडेही बदलतात. २०१५ मध्ये असंच आधारभूत वर्ष बदललं, तेव्हा २०१३-१४ ची वाढ ४.७ वरून ६.९ टक्के झाली होती.