कामाची नोंद, कामाची बरकत

टेंभुर्णी म्हटले की बहुतेकांना पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव आठवते. आमची टेंभुर्णी वेगळी, जालना जिल्ह्यातल्या जाफ्राबाद तालुक्यातली. शहरात नोकरीला असलेली मुले सणाला घरी येतात, तेव्हा ‘प्रॉडक्टिव्हिटी’ हा शब्द सोबत आणतात. पहाटे पाचला उठा, कामांची यादी करा, मोबाइलमध्ये अमुक ॲप घ्या. फजरला उठणाऱ्या घरांना पहाटेचे महत्त्व वेगळे काय सांगायचे? आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे: बरकत. दिवसभर राबूनही संध्याकाळी हाती काही लागले नाही की घरातली म्हातारी माणसे म्हणतात, “कामाला बरकत राहिली नाही.” ती का राहत नाही, याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या शेतात मिळते.

जालना बियाण्यांसाठी ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना ‘वर्ल्ड फूड प्राइझ’ मिळाले. संकरित कपाशीचे बी कसे तयार होते, हे अनेक वाचक भगिनींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. कारण ते नाजूक काम बहुतेक बायकांच्याच हातून होते. उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज संध्याकाळी काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग तिथे लावायचा. हे ऊन चढण्याआधी उरकावे लागते. वेळ टळली की दुपारी दुप्पट मेहनत करूनही उपयोग होत नाही. पराग लावला की त्या फुलाच्या देठाला दोरा बांधायचा. पुढे बोंडे तयार झाली की दोरा नसलेली बोंडे बाजूला काढतात. त्यांतही सरकी असते, पण बियाणे म्हणून ती चालत नाही. ती कशी तयार झाली याची खूणच नसते.

कामाला योग्य वेळ हवी आणि केलेल्या कामाची खूण हवी. आपल्या घरांत वाचन-लेखनाची आबाळ होते ती याच दोन ठिकाणी.

आधी वेळेचे पाहू. “सगळे आटोपले की निवांत वाचू,” असे आपण म्हणतो. घरकाम आणि शेती कधी आटोपत नसते. त्यातून सून किंवा मुलगी पुस्तक घेऊन बसली की कोणीतरी म्हणतेच, “रिकामी बसलीस का?” तोच हात मोबाइलवर फिरत असेल तर मात्र सहसा कोणी विचारत नाही. वाचणे हे रिकाम्या वेळेचे काम नव्हे, ते कामांपैकीच एक काम आहे, हे घरात एकदा ठरले पाहिजे. मग त्याला वेळही सापडेल. कोणाला फजरनंतरची पंधरा मिनिटे सोयीची, कोणाला इशानंतरची. रोज पाच पाने वाचली तर वर्षाला १८२५ पाने होतात, म्हणजे दोनशे पानांची नऊ पुस्तके. कवी नारायण सुर्वे यांनी मुंबईत शाळेत शिपायाचे काम केले आणि पुढे ते शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ साली आला. पोटापाण्याचे काम सुटल्यावर लिहू, असे म्हणत ते थांबले असते तर मराठी कविता एका कवीला मुकली असती.

आता खुणेचे. कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर मिळते. वजन होते, आकडा लिहिला जातो. पण तो मालकाच्या किंवा मुकादमाच्या वहीत. वेचणारी बाई तो आठवणीत ठेवते. आठवड्याने हिशेबाला बसल्यावर आठवण आणि वही यांत फरक पडला, तर वहीच खरी ठरते. यात कोणी लबाडच असतो असे नाही. पण जिच्याजवळ वही नाही, तिच्या मेहनतीला साक्षीदार नाही. तारीख, किलो, दर: तीन आकड्यांची एक ओळ. हे लिहिणे तिला येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या तिच्या मुलीला येते.

कुरआनातली सर्वांत दीर्घ आयत सूरह बकरामधली २८२ वी, आणि तिचा विषय उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवणे हा आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे ती बजावते. मजकूर देणेकऱ्याने सांगावा आणि साक्षीदार असावेत, हेही त्यात आले. तरीही आपण हातउसने देताना “घरातच तर आहे, लिहायचे काय?” म्हणतो, आणि दोन वर्षांनी त्याच पैशांवरून भावाभावांत अबोला धरतो. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. नात्यात संशयाला जागा राहू नये, म्हणूनच लिहायचे.

नोंद केवळ पैशांची नसते. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांना सुचलेली गाणी घरातल्या मुलांनी लिहून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. आपल्या घरांतही दळताना, लग्नात आणि पाळण्यापाशी दखनीत आणि मराठीत गाणी म्हणणाऱ्या नानी-दादी होत्या, काही अजून आहेत. त्यांची गाणी कोणी लिहिली? कोणते दुखणे कशाने उतरायचे, कोणत्या वर्षी विहीर आटली, हे त्यांच्यासोबत जाते. दोरा न बांधलेल्या बोंडासारखे हेही मग हिशेबात धरले जात नाही, आणि उद्या कोणी विचारले की या घराने काय केले, तर दाखवायला काही नसते.

म्हणून घरात एक जाड वही आणावी. ती कपाटात कुलपात नको, सर्वांचा हात पोहोचेल अशा फळीवर हवी. पुढून हिशेब लिहावा: मजुरी, उसनवारी, पेरणीची तारीख, फवारणीचा खर्च. मागून वडीलधाऱ्यांच्या गोष्टी आणि गाणी. लिहिण्याची पाळी मुलामुलींनी वाटून घ्यावी आणि आठवड्यातून एकदा, जुम्याच्या संध्याकाळी म्हणा, ती सर्वांसमोर वाचावी. आपण सांगितलेले नातवाने लिहिले आणि पुन्हा वाचून दाखवले की दादीला पुढचे आठवेल. आठवले की तेही लगेच लिहून घ्यावे.